स्वस्त किलो संपल्यानंतरचा बाल्टिक

कॉड माशाची मादी उत्तर युरोपातल्या बाल्टिक समुद्रात अंडी सोडते तेव्हा ती पृष्ठभागावर तरंगत नाहीत. महासागराच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग मीठ असते. बाल्टिकच्या मुख्य भागात वरच्या थरात ते जेमतेम ७ भाग भरते. अशा मचूळ पाण्यात कॉडचे अंडे बुडू लागते आणि क्षारता हजारी ११ च्या वर जाते त्या खोल, जड थरात पोहोचल्यावरच अधांतरी स्थिरावते. त्यातून पिलू बाहेर पडायचे तर नेमक्या त्याच थरात पुरेसा प्राणवायू असावा लागतो. पूर्वी गोटलंड, ग्दान्स्क आणि बोर्नहोम या तीन खोल डोहांत ही सोय होती. आज ती मुख्यत्वे बोर्नहोमच्या डोहात उरली आहे आणि तिथेही ती बेभरवशाची झाली आहे. २०१९ च्या जुलैमध्ये युरोपीय संघाने पूर्व बाल्टिकमधील कॉडची मासेमारी तातडीने थांबवली. अतिमासेमारीचा या ऱ्हासात वाटा होता हे खरेच आहे, पण जाळी आवरून इतकी वर्षे लोटली तरी साठा सावरत नाही, याचे एक मोठे कारण तळाच्या पाण्यात आहे.

तिथला प्राणवायू कुठे जातो, याचे उत्तर मात्र जमिनीवर शोधावे लागते. शेतांतून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद, शहरांचे मैलापाणी, गोठ्यांतून आणि धुराड्यांतून हवेत जाऊन पुन्हा पाण्यावर उतरणारे नत्र, हे सगळे समुद्रात खताचेच काम करते. त्यावर शेवाळ माजते, मरून तळाशी बसते आणि कुजताना तळाचा प्राणवायू खाऊन टाकते. प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेले स्फुरद सुटे होऊन वर येते आणि पुढच्या उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाला पोसते. हे शेवाळ हवेतले नत्र स्वतःच बांधून घेत असल्यामुळे त्याला स्फुरद मिळाले की पुरते. जुलैच्या अखेरीस स्टॉकहोम किंवा हेलसिंकीबाहेरच्या बेटांवर वारा पडला, की काठाच्या पाण्यावर पिवळट-हिरव्या तेलरंगाचा डबा उपडा केल्यासारखा दाट थर साचतो आणि लहान मुलांना व कुत्र्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याच्या सूचना निघतात, कारण त्यातल्या काही जाती विषारी असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्टिकचा सुमारे ५,००० चौरस किलोमीटर तळ प्राणवायूच्या तुटवड्याखाली होता. अलीकडच्या वर्षांत हा आकडा ६०,००० च्या पुढे गेला आहे. आपल्या कोकण विभागाच्या जवळपास दुप्पट क्षेत्र असे गुदमरलेले आहे. डेन्मार्कजवळच्या अरुंद, उथळ सामुद्रधुन्यांतून या समुद्राचे पाणी पूर्ण बदलायला साधारण ३० वर्षे लागतात, त्यामुळे आत आलेले बराच काळ आतच राहते.

हे सगळे विज्ञान आता वादाचे राहिलेले नाही. वाद आहे तो पैशांचा. मी या लेखात जे मांडू इच्छितो तेही पैशांविषयीच आहे: बाल्टिक स्वच्छ करण्याचा आतापर्यंतचा टप्पा स्वस्त होता, तो बव्हंशी पार पडला आहे, आणि पुढचा टप्पा शेतीकडून शिलकी नत्र-स्फुरदाची किंमत वसूल केल्याशिवाय पार पडणार नाही. ही गोष्ट काठावरच्या प्रत्येक राजधानीत ठाऊक आहे आणि प्रत्येक राजधानीत पुढे ढकलली जाते.

आधी हिशेब पाहू. बाल्टिकच्या काठावर नऊ देश आहेत. पाणलोट क्षेत्र चौदा देशांत पसरलेले असून ते सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून थोडे मोठे आहे आणि त्यात साडेआठ कोटी लोक राहतात. २०११ मध्ये काठावरच्या नऊही देशांत एकाच पद्धतीने पाहणी करून लोकांना विचारले गेले, की समुद्र ठरलेल्या पातळीपर्यंत सुधारायचा असेल तर तुम्ही दरवर्षी किती भार उचलाल. उत्तरांची बेरीज साडेतीन अब्ज युरोंच्या पुढे गेली. दुसरीकडे, या देशांनी २००७ मध्ये मिळून ठरवलेल्या कृती आराखड्यातील नत्र-स्फुरदाची कपात साधण्याचा खर्च अर्थतज्ज्ञांनी वर्षाला साधारण २.३ ते २.८ अब्ज युरो काढला. कपात सर्वांत स्वस्त पडेल तिथे केली तर खालचा आकडा, आणि देशवार ठरलेल्या वाट्यानुसारच केली तर वरचा. म्हणजे समुद्र वाचवणे हा घाट्याचा सौदा नाही. पाहणीतल्या उत्तरांवर कुणी शंका घ्यावी, ती रास्त आहे, कारण तोंडाने सांगितलेली रक्कम आणि खिशातून काढलेली रक्कम यांत नेहमीच अंतर असते. पण ते अंतर धरून चालले तरी फायद्याचे पारडे सहज हलके होत नाही.

तरीही काम अर्धवट का राहते? कारण खर्च एकाच्या दारी होतो आणि फायदा नऊ घरांत वाटला जातो. एखाद्या देशाने शंभर रुपये खर्चून पाणी सुधारले तर त्यातले दहा-पंधरा रुपयांचे सुख त्याच्या किनाऱ्याला मिळते, बाकीचे प्रवाहाबरोबर शेजाऱ्याकडे जाते. प्रत्येकाने आपापल्या फायद्यापुरताच विचार केला, तर सगळे मिळून जेवढे करायला हवे त्यापेक्षा फार कमी करतात. हा पेच आपल्याला परका नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेतून उजनीत उतरते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. वरच्या शहराला खर्च करायचा आणि खालच्या शहराला फायदा व्हायचा, ही रचना तीच आहे. तिथे निदान एकच राज्य सरकार आहे. बाल्टिकला नऊ सरकारे आहेत आणि त्यांच्यावर हुकूम चालवणारे कुणी नाही.

या देशांनी शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९७४ मध्ये, हेलसिंकीत एकत्र येऊन समुद्ररक्षणाचा करार केला, याबद्दल मला आजही आदर वाटतो. पण १९८८ मध्ये त्यांच्या मंत्र्यांनी जे लक्ष्य ठरवले ते अर्थशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे होते: सर्वांनी नत्र आणि स्फुरद सरसकट ५० टक्के कमी करावे. सारखा टक्का न्याय्य दिसतो, म्हणून तो वाटाघाटीत लवकर मान्य होतो. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मोठ्या शहरांनी रासायनिक प्रक्रियेने मैलापाण्यातले बहुतेक स्फुरद तोवर आधीच काढून टाकले होते. तिथे आणखी एक किलो काढायचा तर तो शेवटच्या काही टक्क्यांतला, फार महागडा किलो होता. त्याच वेळी समुद्रापलीकडे वॉर्साचा डावा काठ आपले मैलापाणी प्रक्रियेविना विस्तुला नदीत सोडत होता आणि लेनिनग्राडमध्येही (आजचे सेंट पीटर्सबर्ग) मैलापाण्याचा मोठा भाग थेट नेवा नदीत जात होता. समुद्राच्या दृष्टीने स्टॉकहोमचा किलो आणि लेनिनग्राडचा किलो यांत विशेष फरक नाही, खर्चाच्या दृष्टीने मात्र कित्येक पटींचा आहे. स्वीडिश अर्थतज्ज्ञ इंग-मारी ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ही तफावत आकड्यांनी मांडली.

या युक्तिवादाचा सर्वांत ठोस पुरावा म्हणजे सेंट पीटर्सबर्गचे नैऋत्य सांडपाणी प्रक्रिया केंद्र. सोव्हिएत काळात त्याचे बांधकाम सुरू झाले, पैशांअभावी थांबले आणि अर्धवट काँक्रीट वर्षानुवर्षे तसेच उभे राहिले. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्डिक वित्तसंस्था आणि युरोपीय विकास बँक यांच्या मदतीने आणि कर्जाने काम पुन्हा सुरू झाले आणि २००५ मध्ये सुमारे सात लाख लोकांचे मैलापाणी तिथे येऊ लागले. त्यानंतर फिनलंडमधील एका खासगी प्रतिष्ठानाने देणग्या गोळा करून त्याच शहरातल्या मोठ्या केंद्रांमध्ये स्फुरद रसायनाने खाली बसवण्याची यंत्रणा उभी करायला मदत केली. फिनलंडच्या करदात्याचा आणि देणगीदाराचा पैसा रशियाच्या शहरात गेला, आणि फिनलंडच्या आखाताला त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा तोच पैसा हेलसिंकीत खर्चून कधीच झाला नसता. यावर ‘आम्ही का म्हणून त्यांची घाण साफ करायची’ असा आक्षेप घेतला गेला. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई करावी हे तत्त्व मलाही मान्य आहे, पण ज्याच्यावर कोणतेही न्यायालय चालत नाही अशा शेजाऱ्यापुढे तत्त्वाचा आग्रह धरून बसणे म्हणजे आपलाच किनारा गमावणे आहे.

२००७ च्या आराखड्यात कपातीचे देशवार वाटे ठरले. वर्षाकाठी १५,२५० टन स्फुरद कमी करायचे होते, त्यातले ८,७६० टन एकट्या पोलंडच्या वाट्याला आले. स्वीडनच्या वाट्याला २९० टन, फिनलंडच्या १५० टन. पोलंडची बहुतेक सगळी जमीन बाल्टिककडे उतरते आणि पावणेचार कोटींच्या आसपास माणसे तिच्यावर राहतात, त्यामुळे आकडा मोठा असणारच होता. अडचण अशी, की स्वच्छ समुद्रासाठी सर्वांत जास्त पैसे मोजायला तयार असलेला स्वीडन खर्चाच्या यादीत खाली होता, आणि तुलनेने गरीब पोलंड सर्वांत वर. त्या पाहणीत स्वीडिश नागरिकाने वर्षाला शंभर युरोंच्या वर तयारी दाखवली, लाटव्हियाच्या नागरिकाने दहा युरोंहूनही कमी. इथे देशादेशांतले हस्तांतरण नसते तर आराखडा कागदावरच राहिला असता. ते हस्तांतरण झाले युरोपीय संघाच्या निधीतून: २००४ मध्ये संघात आल्यावर पोलंडला सांडपाणी केंद्रांसाठी मोठा पैसा मिळाला आणि २०१२ पासून वॉर्साच्या डाव्या काठाचे मैलापाणी विस्तुलाच्या तळाखालून चायका केंद्राकडे जाऊ लागले. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये ती वाहिनी फुटून मैलापाणी पुन्हा नदीत गेले, हेही नोंदवले पाहिजे. प्रक्रिया केंद्र बांधून हिशेब मिटत नाही, ते चालतेही ठेवावे लागते.

या सगळ्याचा परिणाम दिसतो. समुद्रात येणारे स्फुरद चालू शतकात जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. नत्र त्यापेक्षा बरेच कमी घटले, आणि इथेच दुखणे आहे. मैलापाणी एका नळातून येते, नळाच्या तोंडाशी यंत्र बसवता येते, बिलावर शुल्क लावता येते. शेतातले नत्र लाखो बांधांवरून, चरांतून आणि भूजलातून येते. नळातले स्वस्त किलो आता काढून झाले आहेत. उरले आहेत ते शेतातले किलो.

शेतातल्या किलोचे अर्थशास्त्र गोठ्यापासून सुरू होते. डेन्मार्कमध्ये माणसांच्या कित्येक पट डुकरे पाळली जातात. त्यांचे खाद्य मोठ्या प्रमाणात बाहेरून येते, बराचसा सोयाबीन अटलांटिकपलीकडून. त्या खाद्यातले नत्र-स्फुरद थोडेसे मांसातून बाहेर जाते, बाकीचे विष्ठेतून मागे राहते. ही विष्ठा आपल्याकडच्या सुक्या शेणखतासारखी नसते. ती पातळ राडी असते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. एवढे पाणी टँकरमध्ये भरून शंभर किलोमीटर दूरच्या गव्हाच्या शेतापर्यंत नेणे परवडत नाही, म्हणून ते जवळच्याच शेतात ओतले जाते. परिणामी गोठ्याशेजारची जमीन स्फुरदाने तुडुंब होते आणि शंभर किलोमीटरवरचा शेतकरी तेच स्फुरद गोणीतून विकत घेतो. या व्यवहारात कुणीही अप्रामाणिक नाही. गोठेवाला वाहतुकीचा खर्च वाचवतो, गहूवाला स्वस्तातले खत घेतो, आणि दोघांच्याही वहीत न दिसणारा खर्च कॉडच्या अंड्यांवर पडतो.

यावर उपाय म्हणून सरकारांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. स्वीडनने १९८४ मध्ये नत्रखतावर शुल्क लावले. पुढे ते किलोमागे १.८० क्रोना झाले आणि २०१० मध्ये शेतीची स्पर्धाक्षमता जपण्यासाठी रद्द झाले. फिनलंडने आपला खतकर १९९५ च्या युरोपीय प्रवेशाच्या उंबरठ्यावर सोडून दिला. डेन्मार्कने अधिक कडक वाट धरली: १९८० च्या दशकात मेलेल्या लॉबस्टरची चित्रे देशाने पाहिल्यावर १९८७ मध्ये पहिला जलआराखडा आला आणि पुढे शेतकऱ्याला सर्वाधिक नफ्याच्या प्रमाणापेक्षा कमी नत्र वापरण्याचे बंधन घातले गेले. त्यामुळे डेन्मार्कचे नत्र १९९० च्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. पण शेतीसंघटनांच्या दबावाखाली २०१६ पासून ते बंधन सैल करण्यात आले. २०२४ च्या एप्रिलमध्ये जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वायले खाडीची अंत्ययात्रा निघाली. काळे कपडे घातलेले लोक किनाऱ्यावर जमले आणि ज्या पाण्यात आता जवळपास काहीच जगत नाही त्याला त्यांनी रीतसर निरोप दिला. एखाद्या जलाशयाचे अंत्यविधी करण्याची वेळ जगातल्या सर्वांत श्रीमंत देशांपैकी एकावर यावी, याची खंत वाटते. त्याच वर्षाच्या अखेरीस डेन्मार्कच्या संसदेतल्या बहुमताने सुमारे ४३ अब्ज क्रोनरचा करार मान्य केला, ज्यात शेतजमिनीचा मोठा हिस्सा वन आणि पाणथळींकडे वळवायचा आहे. हे पाऊल मोठे आहे आणि मी त्याचे स्वागत करतो. मात्र त्याचा मुख्य आधार करदात्याच्या पैशाने जमीन मोकळी करून घेणे हा आहे.

माझे म्हणणे इथेच वेगळे होते. शहरातल्या नागरिकाकडून मैलापाण्याचे शुल्क दरमहा वसूल होते. शेतीला मात्र प्रदूषण न करण्याबद्दल पैसे दिले जातात, आणि युरोपीय अर्थसंकल्पाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग खाणाऱ्या कृषी अनुदानातला बराचसा पैसा नुसत्या हेक्टरांवर वाटला जातो. हेक्टराचा आणि समुद्राचा थेट संबंध नाही. पोलंडच्या आतल्या भागातून निघालेले नत्र नद्या-तळ्यांतून जाताना वाटेत बरेच जिरते. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरून निघालेले बहुतेक सगळे पोहोचते. मोजायचे असेल तर पोहोचणारा किलो मोजला पाहिजे.

म्हणून शुल्क खताच्या गोणीवर लावू नये, शिलकीवर लावावे. शेतात खत, खाद्य आणि विष्ठा यांतून किती नत्र-स्फुरद आले आणि धान्य, दूध व मांस यांतून किती बाहेर गेले, यांतला फरक काढावा, वाजवी मर्यादेपलीकडच्या प्रत्येक किलोला दर लावावा आणि जमा झालेला पैसा त्याच पाणलोटातल्या शेतकऱ्यांना हेक्टरी परत करावा. गोणीवरचा कर काटकसरीने खत वापरणाऱ्यालाही भुर्दंड लावतो आणि विष्ठेला हातच लावत नाही. शिलकीवरचे शुल्क विष्ठेची वाहतूक परवडणारी करते, कारण जवळच ओतण्यालाही आता किंमत असते. नेदरलँड्सने १९९८ मध्ये अशीच पद्धत आणली होती. युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये ती पुरेशी मानली नाही, कारण शेतीतले नत्र पाण्यात जाऊ नये म्हणून केलेल्या १९९१ च्या युरोपीय नायट्रेट निर्देशाला शेतात टाकायच्या प्रमाणाची मर्यादा हवी होती, केवळ शुल्क नको होते. त्यानंतर डचांनी शुल्क मोडीत काढले. मला ती चूक वाटते. मर्यादा आणि शुल्क एकत्र नांदू शकतात.

शेतकऱ्यांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की इथे दर लावला तर डुकरे आणि दूध दुसऱ्या देशात जातील आणि प्रदूषणही तिकडेच जाईल. कार्बनच्या बाबतीत हा आक्षेप खरा ठरतो, कारण कार्बनचा टन कुठूनही सुटला तरी आकाश एकच आहे. नत्र-स्फुरदाचे तसे नाही. तीस वर्षांत एकदा पाणी बदलणाऱ्या बंदिस्त समुद्राच्या काठावरचा किलो आणि उघड्या अटलांटिकच्या काठावरचा किलो सारखे नुकसान करत नाहीत. काही उत्पादन इथून हलले तर ते हलायलाच हवे होते, असे मी स्पष्टपणे म्हणेन; ते दुसऱ्या एखाद्या नाजूक नदीकाठी जाऊ नये याची काळजी घेणे हे वेगळे काम आहे. लहान शेतकऱ्याची भीती मला यापेक्षा गंभीर वाटते आणि हेक्टरी परताव्याचा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

दुसरी अडचण काळाची आहे. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर लाटव्हियासारख्या देशांत खताचा वापर झपाट्याने घसरला, तरी नद्यांतले नत्र वर्षानुवर्षे फारसे हलले नाही, कारण ते जमिनीत आणि भूजलात साचून राहिले होते. गाळातले स्फुरद त्याहून सावकाश सुटते. वटावाचा दर, म्हणजे भविष्यातल्या फायद्याची आजची किंमत काढताना दरवर्षी धरली जाणारी घट, थोडा चढा धरला की तीस-चाळीस वर्षांनंतरचा निर्मळ समुद्र आजच्या हिशेबात कवडीमोल ठरतो. असा हिशेब मांडणाऱ्यांनी हेही मांडावे, की उशिराचा प्रत्येक टन गाळात जाऊन पुढची मुदत आणखी लांबवतो. आराखड्याने २०२१ पर्यंत समुद्र सुस्थितीत आणायचे ठरवले होते. ते वर्ष आले तेव्हाही नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र नत्र-स्फुरदाच्या अतिपोषणाने ग्रस्त होते आणि नव्या आराखड्याने मुदत २०३० वर नेली.

त्यात २०२२ ची भर पडली. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर बाकीच्या देशांनी रशियाबरोबरचे समुद्रविषयक औपचारिक कामकाज थांबवले, आणि ते थांबवणे योग्यच होते. पण त्यामुळे सीमेपलीकडचा स्वस्त किलो विकत घेण्याची वाट बंद झाली. राहिलेले काम आता आठ देशांनी आपल्याच जमिनीवर करायचे आहे.

फिनलंडच्या नैऋत्येला, द्वीपसमूहाच्या समुद्राकडे उतरणाऱ्या चिकणमातीच्या शेतांत असे काम सुरू आहे. खत कारखान्यात स्फुरिक आम्ल बनवताना उरलेला जिप्सम तिथे सुगीनंतर हेक्टरी सुमारे चार टन या प्रमाणात पसरतात. तो मातीचे कण धरून ठेवतो आणि वाहून जाणारे स्फुरद जवळपास निम्म्यावर आणतो. शेतकऱ्याला स्वतः काही खर्च करावा लागत नाही, सरकार करते, म्हणून लोक पुढे आले. परिणाम मात्र साधारण पाच वर्षे टिकतो. २०२० नंतर पहिला थर मिळालेल्या शेतांवर आता दुसरा टाकायची वेळ आली आहे, आणि तो पैसा पुन्हा एकदा वार्षिक अर्थसंकल्पातून मागावा लागतो. तो आसपासच्या गोठ्यांतल्या शिलकीवरच्या शुल्कातून यावा.